आधी करार लिहा, मग जोफ्रे आणि इनोऊएला रिंगणात उतरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत 'सार्वकालिक सर्वश्रेष्ठ बँटमवेट कोण?' हा मुष्टियुद्धावरचा लेख आणि त्याखाली चौकटीत काल्पनिक लढतींचे निकाल छापून आले. हेवीवेटच्या पलीकडे सहसा कुणाची नजर जात नाही, त्यामुळे ११८ पौंडांच्या, म्हणजे बँटमवेट गटातल्या, माणसांना अर्धे पान मिळाले याचेच अप्रूप वाटले. लेखातली माहितीही बरीचशी चोख आहे. खटकली ती चौकट. 'नाओया इनोऊए एडर जोफ्रेला सहाव्या फेरीत बाद करेल' असे तिच्यात ठामपणे लिहिले आहे. (इनोऊए आजचा जपानी, जोफ्रे १९६० च्या दशकातला ब्राझीलचा विजेता.) कोणत्या वर्षीचा जोफ्रे? वजन कधी घेतलेले? लढत किती फेऱ्यांची? यातले काहीच सांगितलेले नाही. खऱ्या लढतीत या बाबींवर महिनोन् महिने घासाघीस होते आणि त्या करारात लिहिल्या जातात. काल्पनिक लढतीत त्या गाळल्या की उरते ती निव्वळ आवडनिवड.

पहिला मुद्दा वजनाचा, कारण हलक्या गटात सगळे तिथूनच सुरू होते. फ्लायवेटची मर्यादा ११२ पौंड. तिथे चार पौंडांचा फरक म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त. २२० पौंडांच्या हेवीवेटच्या हिशेबात तो आठ पौंडांच्या घरात जातो. म्हणून शेजारच्या दोन गटांतले विजेते 'मधल्या वजनावर' लढवून टाकण्याची सवय हलक्या गटात फसवी ठरते. युसेबियो पेद्रोझाचे उदाहरण घ्या. फेदरवेटमध्ये, म्हणजे १२६ पौंडांवर, त्याने १९७८ ते १९८५ या काळात डब्ल्यूबीए या संघटनेचा विश्वविजेतेपदाचा किताब १९ वेळा राखला. हाच पेद्रोझा १९७६ मध्ये ११८ पौंडांवर आल्फोन्सो झामोरासमोर उभा राहिला आणि दुसऱ्याच फेरीत बाद झाला. पावणेसहा फुटांच्या जवळपास उंची असलेल्या त्या माणसाला ११८ वर आणणे म्हणजे अर्धी लढत वजनकाट्यावरच हरणे होते. उद्या कुणी 'पेद्रोझा विरुद्ध इनोऊए' मांडली, तर वजन कोणते धरले यावरच निकाल फिरेल.

मॅनी पॅकियाओचेही तसेच. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लायवेटचे वजन त्याला गाठता आले नाही, किताब काट्यावरच गेला, आणि मेदगोएन सिंगसुरातने त्याला तिसऱ्या फेरीत पोटावर मारून बाद केले. दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच जून २००१ मध्ये १२२ पौंडांवर, जेमतेम दोन आठवड्यांच्या सूचनेवर बोलावलेल्या याच पॅकियाओने लेहलोहोनोलो लेडवाबाचा सहा फेऱ्यांत धुव्वा उडवला. त्यामुळे 'फ्लायवेट पॅकियाओ विरुद्ध मिगेल कांतो' (मेक्सिकोचा जुना फ्लायवेट विजेता) अशी जोडी लावणाऱ्याने पॅकियाओ डिसेंबर १९९८ चा, चाचाई सासाकुलला हरवणारा, की सप्टेंबर १९९९ चा, हे आधी सांगावे. नऊ महिन्यांच्या अंतरात ती दोन वेगळी माणसे आहेत.

उलट बाजूने पाहायचे तर डिसेंबर २०१७ ची गिलेर्मो रिगॉन्दो आणि वासिल लोमाचेन्को यांची लढत आहे. तिच्या आधी कित्येक वर्षे ती 'झालीच पाहिजे' म्हणून चर्चा चालली होती. दोघेही दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे धनी, पायांची आणि डोक्याची चपळाई अशी की कोण कुणाला मारणार हाच प्रश्न पडावा. प्रत्यक्षात रिगॉन्दो १२२ वरून दोन गट चढून १३० वर आला आणि सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. हात दुखावल्याचे कारण त्याने दिले. पण तोवरच्या फेऱ्यांतही त्याच्या हाती काही लागले नव्हते.

वजन किती यापेक्षाही ते कधी घेतले, हे जास्त महत्त्वाचे, आणि आपल्या लेखात याचा उल्लेखच नाही. १९८० च्या दशकापर्यंत वजन सर्वसाधारणपणे लढतीच्याच दिवशी सकाळी होई. आता ते आदल्या दिवशी होते. ११८ पौंडांच्या मुष्टियोद्ध्याने सहा पौंड पाणी उतरवले, तर शरीराचे पाच टक्के वजन गेले. आदल्या दिवशी काट्यावरून उतरल्यावर पाणी, मीठ आणि भात-पाव यांनी ते भरून काढायला चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. स्नायूंतली साखर भरून यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. सकाळी वजन आणि रात्री लढत असेल तर पोट भरते, पण पाय भरत नाहीत. पहिल्या चार-पाच फेऱ्या निभावून जातात, पुढे गुडघे सांगायला लागतात. म्हणून जुना बँटमवेट खराच ११८ च्या आसपासचा असे. आजचा बँटमवेट रिंगणात उतरतो तेव्हा तो बरेचदा जुन्या हिशेबाने फेदरवेट असतो. आयबीएफ या संघटनेने यावर लढतीच्या सकाळी दुसरे वजन ठेवले आहे आणि त्यात मर्यादेवर दहा पौंडांची सूट दिली आहे. म्हणजे दहा पौंडांची वाढ ही आज 'सामान्य' बाब झाली आहे, हे त्यातूनच कळते.

आता फेऱ्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मान्सिनीविरुद्धच्या लाइटवेट लढतीनंतर किम डुक-कूचा मृत्यू झाला आणि डब्ल्यूबीसी या संघटनेने किताबाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आणल्या. इतर संघटनाही दशकाच्या अखेरीपर्यंत तिथेच आल्या. निर्णय योग्यच होता. पण काल्पनिक लढतीत या तीन फेऱ्या कुठे गेल्या ते विचारलेच पाहिजे. अलेक्सिस अर्ग्वेयोने रुबेन ओलिवारेसला नोव्हेंबर १९७४ मध्ये बाद केले ते तेराव्या फेरीत. चुचो कास्तियोने ओलिवारेसचा पहिला पराभव घडवला, तो ऑक्टोबर १९७० मध्ये, भुवईच्या जखमेमुळे चौदाव्या फेरीत. पेद्रोझाने पॅट्रिक फोर्डला तेराव्या फेरीत लोळवले. आणि साल्वादोर सांचेझने जुलै १९८२ मध्ये, ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या अझुमा नेल्सनला थांबवले ते थेट पंधराव्या फेरीत. बारा फेऱ्यांच्या नियमात या चारही लढती जजांच्या कागदावर गेल्या असत्या, आणि तिथे काय झाले असते ते कुणी छातीठोकपणे सांगू नये.

कागदाचा भरवसा किती धरावा? मे २००४ मध्ये पॅकियाओने हुआन मॅन्युएल मार्केझला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडले. दोन जजांनी ती फेरी १०-६ दिली, तिसऱ्याने १०-७ (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, आणि खाली पडल्यागणिक त्याचा आणखी एक गुण कमी). त्याने नंतर आपली चूक कबूलही केली. त्या एका गुणाने लढत बरोबरीत सुटली, नाहीतर पॅकियाओ जिंकला असता. काल्पनिक लढतीचा निकाल 'गुणांवर, ११५-११३' असा देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मी तर म्हणेन की निकालात आकडे देऊच नयेत. कुणाच्या हातात कोणत्या फेऱ्या जातील आणि का, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

आपल्या चौकटीतला दुसरा दोष साखळीचा आहे. 'हाराडाने जोफ्रेला हरवले, लायोनेल रोझने हाराडाला, ओलिवारेसने रोझला; म्हणून ओलिवारेस जोफ्रेपेक्षा वरचढ' असे लेखकाने मांडले आहे. घटना खऱ्या आहेत: मे १९६५ आणि पुन्हा १९६६ साली, मग फेब्रुवारी १९६८, मग ऑगस्ट १९६९. पण त्याच काळातली दुसरी साखळी पाहा. जोफ्रेने मेक्सिकोच्या जो मेडेलला दोनदा बाद केले, १९६० मध्ये दहाव्या आणि १९६२ मध्ये सहाव्या फेरीत. मेडेलने सप्टेंबर १९६३ मध्ये हाराडाला सहाव्या फेरीत थांबवले. आणि हाराडाने जोफ्रेला दोनदा गुणांवर हरवले. जोफ्रेच्या साऱ्या कारकिर्दीतले पराभव तेवढे दोनच. तिघे तीन दिशांना एकमेकांवर भारी, साखळी गोल फिरून जागच्या जागी! यामागचे कारण शैलीत आहे. मेडेल मागे सरकत, समोरच्याच्या ठोशावर आपला ठोसा मारणारा. थांबून, नेम धरून मारणाऱ्या जोफ्रेपुढे त्याला काउंटरसाठी फारसे खाद्य मिळत नसे. हाराडा मात्र डोके खाली घालून अखंड आत घुसत राही, म्हणजे मेडेलच्या सापळ्यात स्वतःहून चालत जाई. तेच अखंड घुसणे जोफ्रेला नेम धरायला उसंत देत नसे. हा उलगडा केल्याशिवाय समान प्रतिस्पर्ध्यांचे दाखले देणे व्यर्थ आहे.

सांचेझ आणि पेद्रोझा या एकाच काळातल्या, दोन संघटनांच्या, कधीच न भिडलेल्या फेदरवेट विजेत्यांबद्दलही हेच. दोघेही पॅट्रिक फोर्डशी लढले. सांचेझ सप्टेंबर १९८० मध्ये पंधरा फेऱ्यांनंतर निसटता जिंकला, तर पेद्रोझाने पाच महिन्यांनी त्याच फोर्डला बाद केले. कागदावर पेद्रोझा सरस दिसतो. पण फोर्ड उंच आणि लांब हातांचा होता. सांचेझ काउंटरवर जगणारा, साडेपाच फुटांच्या आसपासचा. दुरून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकणारा माणूस आत यायलाच तयार नसेल तर त्याला काउंटर मारणार कशावर? पेद्रोझाला फोर्डच्या उंचीची अडचणच नव्हती. आता यातून कामाचा निष्कर्ष निघतो तो असा की पेद्रोझाने फोर्डसारखे दूर राहून लढायचे ठरवले, तर सांचेझला कठीण जाईल. पण पेद्रोझा तसा राहत नसे. उत्तरार्धात तो जवळ येई, पकडून मारी, कमरेखालीही मारी. जवळ आलेल्या माणसाचे सांचेझ काय करतो ते ऑगस्ट १९८१ मध्ये विल्फ्रेदो गोमेझने पाहिले. तोवर अपराजित असलेला गोमेझ पहिल्याच फेरीत खाली गेला आणि आठवीत संपला. रेफ्री कडक असेल तर माझे मत सांचेझला. रेफ्री ढिला असेल तर मला खात्री नाही.

चित्रण पाहून मत बनवणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. मूकपटांच्या काळातले चित्रण सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटींनी होई. ते २४ च्या वेगाने दाखवले की माणसे तुरुतुरु, झटके दिल्यासारखी हलतात, आणि पाहणारा म्हणतो, 'हे कसले मुष्टियोद्धे!' वेग दोनतृतीयांश ते पाऊण करून पाहा. खांदे कधी वळतात, मागची टाच कधी उचलली जाते ते तेव्हा दिसते. दुसरे असे की कोणाचाही अंदाज बांधताना त्याच्या किमान तीन लढती पाहाव्यात. एक सहज जिंकलेली, एक घाम गाळून जिंकलेली, एक हरलेली; हरलेली नसेलच तर ज्यात तो खाली पडला ती. आवाज बंद ठेवावा, समालोचक आपल्या डोक्यात गुण भरतो. पहिल्यांदा पाहताना फक्त पाय पाहावेत, दुसऱ्यांदा जॅब मारून परतणारा हात. तो हात हनुवटीपाशी सरळ परत येतो, की खालून वळसा घेतो? काउंटर उजवा बसतो तो त्या वळशावरच.

जिमी वाइल्डवर आपल्या लेखात झालेला अन्याय याच चुकीतून आलेला दिसतो. १८ जून १९२३ च्या पोलो ग्राउंड्सवरील लढतीवरून, जिथे पांचो व्हिलाने त्याला सातव्या फेरीत बाद केले, लेखकाने त्याचा 'बचाव कच्चा' ठरवला आहे. वाइल्ड तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि जानेवारी १९२१ नंतर एकदाही लढलेला नव्हता. त्या आधीची लढतही पीट हर्मनशी, म्हणजे चांगल्याच वजनदार बँटमवेटशी होती, आणि तीही सतराव्या फेरीपर्यंत गेली. शिवाय लेखात त्याला 'लाइट फ्लायवेट' म्हटले आहे. १०८ पौंडांचा तो गट डब्ल्यूबीसीने १९७५ मध्ये सुरू केला. १०५ पौंडांचा मिनिममवेट तर १९८७ चा. वाइल्डचे शरीर त्या गटांचे होते, पण लढावे लागे ते ११२ किंवा त्याहून जड माणसांशी. त्यामुळे 'वाइल्ड विरुद्ध रिकार्डो लोपेझ' ही जोडी ऐकायला विचित्र वाटली तरी वजनाच्या दृष्टीने अगदी न्याय्य आहे. कदाचित वाइल्डच्या आयुष्यातली ती समान वजनाच्या माणसाशी पहिली लढत ठरेल. लोपेझ ५२ लढतींत अपराजित, फक्त एक बरोबरी. त्याचे हात नेहमी जागच्या जागी, डाव्या अपरकटमागून (खालून वर येणारा ठोसा) डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा). वाइल्ड हात कमरेपाशी ठेवून, वरचे अंग हलवत ठोसे चुकवणारा आणि अनपेक्षित कोनांतून मारणारा. आजच्या आठ औंसांच्या ग्लोव्ह्जने बारा फेऱ्या असतील तर लोपेझ. खाली ठेवलेल्या हातांवरून येणारा सरळ जॅब वाइल्डला आयुष्यात इतक्या शिस्तीने कुणी मारला नव्हता. त्या काळच्या हलक्या ग्लोव्ह्जने आणि वीस फेऱ्यांत मात्र लोपेझच्या बाजूने पैज लावायला मी दोनदा विचार करेन.

ग्लोव्ह्जबद्दल एक वाक्य जाता जाता. औंस सारखे असले तरी आतले भरण वेगळे असते. घोड्याच्या केसांचे भरण लढत पुढे जाते तसे दबते आणि बोटांच्या हाडांवरून बाजूला सरते. फोमचे भरण बरेचसे जागेवर राहते. करारात ग्लोव्ह्ज कोणत्या बनावटीचे यावरून भांडणे होतात, ती उगाच नाही.

आता मूळ जोडीकडे. इनोऊए ११८ वर २०१८ ते २०२२ या काळात नऊ लढती खेळला आणि त्यांत ४७ फेऱ्यांत उतरला. त्यातल्या २३ फेऱ्या दोनच माणसांनी घेतल्या: नोव्हेंबर २०१९ मध्ये नोनितो डोनेरने बारा आणि डिसेंबर २०२२ मध्ये पॉल बटलरने अकरा. बटलर नुसता पळत होता, त्याला बाजूला ठेवा. डोनेरची लढत खरी अभ्यासाची. छत्तिशीतल्या डोनेरच्या डाव्या हुकने दुसऱ्या फेरीत इनोऊएच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. पुढे १२२ वर मे २०२४ मध्ये लुईस नेरीने पहिल्या फेरीत आणि मे २०२५ मध्ये रामोन कार्देनासने दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडले, दोघांनीही डाव्या हुकनेच. तिन्ही वेळा तो उठून किंवा सावरून जिंकला, हे त्याचे मोठेपण. पण खूण स्पष्ट आहे: सुरुवातीच्या फेऱ्यांत तो स्वतः मोठा ठोसा टाकताना त्याची उजवी बाजू उघडी पडते. जोफ्रेकडे डावा हुक होता, पोटावरही आणि जबड्यावरही. फक्त तो लवकर मारत नसे; समोरच्याला वाचायला चार-पाच फेऱ्या घेई. म्हणजे इनोऊए जेव्हा सर्वात उघडा असतो तेव्हा जोफ्रे अजून वाचतच असतो.

जोफ्रे धरायचा तर सप्टेंबर १९६२ चा, मेडेलला दुसऱ्यांदा बाद करणारा. १९६५ चा नव्हे, तेव्हा ११८ वर येताना त्याचे हाल होत होते. (नंतर १९७३ मध्ये, ३७ व्या वर्षी तो फेदरवेटचा विजेता झाला, त्यावरून शरीर कुठे सुखी होते ते कळते.) इनोऊए मे २०१९ चा, ग्लासगोत इमॅन्युएल रॉड्रिगेझला दोन फेऱ्यांत लोळवणारा. आदल्या दिवशी वजन आणि बारा फेऱ्या असतील तर इनोऊए गुणांवर. पहिल्या सहांतल्या पाच फेऱ्या त्याच्या. सहाव्या फेरीत नॉकआउट मात्र मुळीच नाही, जोफ्रेला ७८ लढतींत कुणीही बाद करू शकले नाही. सकाळी वजन आणि पंधरा फेऱ्या असतील तर मी जोफ्रेकडे झुकतो. पुढे १२२ वर सहज रुळलेल्या इनोऊएला त्या दिवशी सुकून यावे लागेल, आणि तेराव्या फेरीत काय होते ते त्याने कधी अनुभवलेले नाही.

पुढच्या वेळी अशी चौकट करणार असाल तर एक जोडी सुचवतो, जिच्यात काळाचे, देशाचे, नियमांचे कोणतेही भाषांतर करावे लागणार नाही. दक्षिण कोरियाचे चांग जुंग-कू आणि यू म्युंग-वू. दोघे १०८ पौंडांचे, वयात जेमतेम वर्षाचे अंतर. चांग मार्च १९८३ पासून डब्ल्यूबीसीचा विजेता, १५ वेळा किताब राखलेला. यू डिसेंबर १९८५ पासून डब्ल्यूबीएचा, पहिल्या कारकिर्दीत १७ वेळा. १९८८ पर्यंत दोघे एकाच वेळी, एकाच देशात, एकाच वजनाचे विश्वविजेते होते आणि एकदाही समोरासमोर आले नाहीत! करारात फक्त फेऱ्यांचा प्रश्न सोडवावा लागेल, कारण १९८६ मध्ये डब्ल्यूबीसीच्या लढती बाराच्या आणि डब्ल्यूबीएच्या अजून पंधराच्या होत्या. चांग कोन बदलत, अंगावर येत, अंदाज चुकवत लढणारा. यू गार्ड उंच ठेवून, समोर उभा राहून ठोशांची सर लावणारा. १९८६ च्या मध्याला मी चांग म्हणेन, फेऱ्या कितीही असोत, कारण समोर उभ्या राहणाऱ्याला बाजूने मारणे हेच त्याचे कसब. १९८८ च्या उन्हाळ्यात यू. चांगची धार तोवर उतरली होती. परतून आल्यावर डिसेंबर १९८९ मध्ये तो उंबेर्तो गोन्झालेझकडून गुणांवर हरला, आणि यूचा किताब डिसेंबर १९९१ पर्यंत हलला नाही. आपल्या लेखकांचे मत यापेक्षा वेगळे असेल तर वर्ष, वजनाची वेळ आणि फेऱ्यांसह ते छापावे.

आपला,
एक नियमित वाचक